पासवर्ड तुमच्याजवळ, खातं दुसऱ्याच्या हातात

नागपुरातल्या कॉलेजात आता गुणपत्रिका, आधार, क्रेडिट खातं असं बरंच काही डिजिलॉकरच्या एकाच लॉगिनवर असतं. सोय आहेच. पण 2020 मध्ये तिथे ओटीपी टाळता येईल अशी त्रुटी सापडली होती. ती दुरुस्तही झाली.

‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’ याहून वेगळी. यात पासवर्ड चोरावाच लागत नाही. एका टॅबमध्ये तुम्ही लॉगिन असता, दुसऱ्यात भलतंच पान उघडता. ते पान गुपचूप तुमच्याच ब्राउझरकडून विनंती धाडतं, ब्राउझर सवयीने तुमची कुकी जोडतो. सर्व्हरला वाटतं, मागणी तुमचीच! 2007 मध्ये जीमेलवर असाच फिल्टर बसवता यायचा. मेल परस्पर दुसऱ्याकडे. गूगलने दुरुस्ती केली, पण आधी बसलेला फिल्टर आपोआप निघत नव्हता.

लॉगिन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच ही चूक राहिली, तर रिकव्हरीचा ईमेल बदलून सगळीच दारं उघडू शकतात. उपाय जुनाच: फॉर्मगणिक अंदाज न लागणारं टोकन. आपल्याला मात्र ‘अनोळखी लिंक उघडू नका’ एवढंच ऐकवतात. अरे, टोकन तपासायचं काम सर्व्हरचं ना? आपल्या कॉलेजच्या पोर्टलवर ते होतं का, हे चालवणाऱ्यांनी सांगावं.