पाच अंश वजा करू नका

लहानपणी दिवाळीच्या आधी आमच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम असे. मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरायचं, डबे सायकलला अडकवायचे आणि गल्लीच्या टोकाच्या बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणायची. बेकरीवाला भट्टीच्या तोंडाशी क्षणभर हात धरायचा, मान हलवायचा आणि पत्रे आत सरकवायचा. तुमच्यापैकी अनेकांना तो वास अजून आठवत असेल.

इथे अल्फारेटात तशी भट्टी नाही. ओव्हन आहे, आणि त्यावर ३५० असा ऐटबाज आकडा आहे. गेल्या दिवाळीत त्या आकड्यावर विसंबून मी नानकटाई लावली. पहिला घाणा खालून करपला, दुसरा मधे कच्चा राहिला. ओव्हन लबाड आहे असं मी जाहीर केलं आणि त्याची लबाडी पकडायला स्वतःचा थर्मामीटर बनवायला घेतला. तोही तयार तुकडे जोडून नव्हे, तर स्वतः आखलेल्या सर्किट बोर्डावर.

व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, ''अरे, आपल्या बेकरीवाल्याने कधी तापमान मोजलं होतं का?'' प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर मला बोर्ड बनवून झाल्यावर सापडलं.

आधी थोडं विज्ञान. ओव्हनमधलं तापमान मोजायला थर्मोकपल वापरतात, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या. १८२१ साली थॉमस सीबेक यांना दिसलं की दोन धातूंच्या कडीचा एक जोड तापवला की शेजारची चुंबकसुई हलते. त्यांना तो चुंबकत्वाचा प्रकार वाटला; प्रत्यक्षात तिथे वीज वाहत होती. आज सर्रास मिळणाऱ्या 'के' प्रकारच्या थर्मोकपलमध्ये दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट एवढा दाब तयार होतो. ओव्हन १७७ अंशांवर (म्हणजे ३५० फॅरनहाइटला) आणि बोर्ड २५ अंशांवर असेल, तर हाती येतात जेमतेम ६.२ मिलिव्होल्ट.

आता खरी मेख. थर्मोकपल तापमान मोजतच नाही. ते दोन टोकांच्या तापमानांमधला फरक मोजतं. एक टोक ओव्हनमध्ये, दुसरं तुमच्या बोर्डावर. बोर्डावरच्या टोकाचं तापमान ठाऊक नसेल तर ओव्हनचं कळणार नाही. म्हणून मी वापरलेली मॅक्स ३१८५५ ही चिप स्वतःचं तापमान मोजते आणि ते त्या फरकात मिळवते. चिप आणि तारांचा जोड एकाच तापमानाला आहेत, हे ती गृहीत धरते. ते गृहीतक खरं ठरवणं हे बोर्ड आखणाऱ्याचं काम.

माझ्या पहिल्या बोर्डावर मी ते काम केलं नाही. कीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बसून सगळं नीटनेटकं, दाटीवाटीने लावलं: वाय-फायसाठी ईएसपी३२, ५ व्होल्टचे ३.३ करणारा रेग्युलेटर, आणि त्याला खेटून तापमानाची चिप. दिसायला बोर्ड देखणा होता. पाच नग मागवले, दोन आठवड्यांनी आले, सांधले, सुरू झाले. मी खूश.

मग बर्फाच्या पाण्यात तार बुडवली. आकडा आला शून्याच्या जवळपास, आणि हळूहळू चढू लागला. दहा मिनिटांत ५ वर जाऊन थांबला. उकळत्या पाण्यात १०४. अल्फारेटा समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९९ अंशांच्या किंचित खालीच उकळतं. म्हणजे दोन्हीकडे साधारण पाच अंश जास्त.

अशा वेळी हात आपोआप कीबोर्डकडे जातो. कोडमध्ये एक ओळ: आलेल्या आकड्यातून पाच वजा करा. झालं. कोणाला कळणार आहे?

ही ओळ माझ्या हातून इतक्या सहज का येत होती, याचा मी विचार केला. बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण काय करायचो ते आठवा. उत्तर किती यायला हवं हे आधी ठाऊक असायचं. मग रीडिंग त्याला जुळवून जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवायचं. चुकीचं रीडिंग घेऊन गेलात तर 'परत कर' एवढंच ऐकू यायचं. 'का चुकलं असेल?' असं विचारणारे शिक्षक ज्यांना लाभले ते भाग्यवान. मी पीएचडी केली, पण ती जुनी सवय हाताच्या स्नायूंत कुठेतरी शिल्लक होती.

दुरुस्ती करणं वाईट नाही. प्रयोगशाळेतली प्रत्येक उपकरणं पारखूनच वापरतात. पण चुकीचं कारण कळलेलं असेल आणि चूक स्थिर असेल, तरच ती दुरुस्ती. नाहीतर ती जुळवाजुळव. माझी चूक स्थिर नव्हती. सुरू केल्यावर ती शून्य होती आणि दहा मिनिटांनी पाच. वाय-फाय बंद केल्यावर ती एकावर आली. तिथे चोर सापडला. रेग्युलेटरवर १.७ व्होल्ट पडत होते, सरासरी ०.१ अँपिअर वाहत होता. गुणाकार केला तर ०.१७ वॉट उष्णता. एवढीशी ऊब तांब्याच्या अखंड थरातून थेट चिपपर्यंत जात होती. तांबं हे बोर्डाच्या काच-एपॉक्सीपेक्षा हजारपटींहून जास्त चांगलं उष्णतावाहक आहे. चिप गरम, तारांचा जोड त्या मानाने थंड, आणि दोघांतला फरक सरळ माझ्या आकड्यात.

दुसऱ्या बोर्डावर चिप आणि तारांचा जोड शेजारी-शेजारी एका टोकाला नेले, रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला ढकलला, मधलं तांबं तोडलं आणि बोर्डात एक लांबट खाच ठेवली. आता बर्फात ०.७५ आणि उकळत्या पाण्यात ९८.५ येतात. चिप पाव अंशाचे टप्पे दाखवते, पण तिची अचूकता अधिक-उणे २ अंशांची आहे. दशांशानंतरचे आकडे दिसतात म्हणून ते खरे मानायचे नसतात, हेही ती फुकटात शिकवते.

मग ओव्हनचा निकाल काय लागला? आकडा ३५० वर असताना आतली हवा ३२५ ते ३८० फॅरनहाइटच्या मधे झोके घेत होती. सरासरी जवळजवळ बरोबर! ओव्हन लबाड नव्हता. मी सुरुवातीची घंटा वाजताच, म्हणजे नेमका झोका टोकाला असताना, पत्रा आत सरकवत होतो. आता वीस मिनिटं थांबतो आणि झोका खाली येताना पत्रा लावतो. पहिल्या बोर्डावर विसंबलो असतो, तर ओव्हनचीच बटणं पिळत बसलो असतो.

तुम्ही म्हणाल, दुकानात मोजक्या डॉलरमध्ये ओव्हनचा थर्मामीटर मिळतो, मग हा खटाटोप कशाला? पैशाचा हिशोब मांडलात तर मी हरलो, हे आधीच कबूल. पण आपल्यापैकी बरेच जण इथे दिवसभर पडद्यावरच्या आकड्यांवर निर्णय घेतात, घरी येऊन घड्याळातली पावलं आणि झोपेचे गुण वाचतात. तो आकडा कुठल्या गृहीतकावर उभा आहे, हे एकदा तरी स्वतःच्या हाताने उकलून पाहावं, असं माझं मत आहे. मुलांसोबत पाहिलं तर उत्तमच. त्यांना चालणारं यंत्र दाखवू नका. पाच अंशांनी चुकणारं दाखवा आणि कारण शोधायला बसवा.

करायला घेतलंत तर तीन गोष्टी पाळा. ओव्हन उघडून त्याच्या वायरिंगला हात लावू नका. आत जाईल ती फक्त तार, तीही काचेच्या धाग्याचं वेष्टन असलेली. बोर्ड आणि बॅटरी बाहेरच ठेवा. साधा बोर्ड १३०-१४० अंशांनाच मऊ पडू लागतो. आणि तार कमी पडली तर साधी तांब्याची तार जोडून लांबवू नका, कारण मग मोजणीचं दुसरं टोक त्या नव्या जोडापाशी सरकतं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं: बेकरीवाला मोजत होताच. एकच भट्टी, तोच हात, आणि वर्षानुवर्षं करपलेल्या घाण्यांची आठवण. त्याने कधी पाच वजा केले नाहीत. चुकलं की भट्टीत डोकावून पाहिलं.

बोर्ड बनवायला सवड नसेल तर निदान या शनिवारी घरातला कुठलाही स्वयंपाकाचा थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहा. शून्य आला नाही, तर लगेच टाकून देऊ नका. आधी का, ते विचारा.