मुलांच्या वस्तूंमधली रसायनं: माहिती जाहीर आहे, पण बारकोड कुठे आहे?

बारशाला किंवा वाढदिवसाला जाताना आपण खेळणं घेतो, तेव्हा किंमत बघतो. फार तर कितव्या वर्षापासून चालेल ते वाचतो. प्लास्टिक इतकं मऊ कशामुळे झालं, निळा रंग कशापासून आलाय, हे खोक्यावर लिहिलेलंच नसतं. आणि बाळ तर ती वस्तू आधी तोंडात घालणार!

ही माहिती कंपन्यांकडून सक्तीने घ्यायची, असं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने (सिएटलवालं, राजधानीचं नव्हे) ठरवलं. कल्पना भारी आहे. पण फॉर्ममध्ये एक रकाना नसला की काय होतं, हेही त्यातून कळतं.

नियम काय आहे?

२००७ मध्ये रंगातल्या शिशामुळे चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी अमेरिकेत परत मागवावी लागली. २००८ मध्ये केंद्रीय कायद्याने शिसं आणि काही थॅलेट्सवर (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) देशभर मर्यादा घातली. त्याच वर्षी वॉशिंग्टनने 'चिल्ड्रन्स सेफ प्रॉडक्ट्स अ‍ॅक्ट' केला आणि २०११ मध्ये रिपोर्टिंगचा नियम आणला. पहिल्या यादीत ६६ रसायनं होती: फॉर्मल्डिहाइड, कॅडमियम, कोबाल्ट, थॅलेट्स वगैरे.

१२ वर्षांखालच्या मुलांची खेळणी, कपडे, दागिने, कार सीट अशा वस्तूंमध्ये यातलं काही असेल तर कंपनीने दरवर्षी राज्याला कळवायचं. मुद्दाम घातलेलं रसायन चाचणीत मोजता येईल एवढं जरी असलं, तरी कळवायचं. चुकून मिसळलेलं असेल तर १०० पीपीएमच्या वर, म्हणजे एका किलोत १०० मिलिग्रॅमहून जास्त असेल तेव्हा. नाही कळवलं तर पहिल्या वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड.

गंमत म्हणजे मुलांचे टॅबलेट, गेम कन्सोल आणि फोन या कायद्यातल्या 'मुलांची वस्तू' या व्याख्येतून वगळलेले आहेत.

रिपोर्ट म्हणजे बंदी नाही

इथे अनेकांचा गोंधळ होतो. यादीतलं रसायन असलेली वस्तू विकायला या नियमाची आडकाठी नाही, फक्त सांगायचं. मग फायदा काय? प्ले स्टोअरवरचं 'डेटा सेफ्टी' सेक्शन आठवा. अ‍ॅप तुमचं लोकेशन घेतं की नाही, हे डेव्हलपर स्वतः जाहीर करतो. जाहीर करायचं म्हटलं की आधी स्वतःला माहीत असावं लागतं. खेळणी कंपनीलाही सप्लायरला विचारावं लागतं, 'बाबा रे, तुझ्या रंगात काय आहे?' अनेक वेळा सुधारणेची सुरुवात या प्रश्नापासूनच होते.

गोची कुठे आहे?

कंपन्यांचे रिपोर्ट ऑनलाइन डेटाबेसमध्ये सर्वांसाठी खुले आहेत. त्यात कंपनीचं नाव, रसायन, ते कोणत्या भागात आहे, कशासाठी घातलं आणि प्रमाणाचा टप्पा (उदा. १०० ते ५०० पीपीएम) मिळतो. पण वस्तू? तिथे फक्त प्रकार. म्हणजे 'अमुक कंपनी, बाहुल्या', एवढंच. त्या कंपनीच्या ४० बाहुल्यांपैकी कोणती, हे वॉशिंग्टनच्या नियमात विचारलेलंच नाही.

डेटाबेस शिकलेल्यांना लगेच कळेल: दोन टेबलं जोडायला लागणारी 'की' नाही. दुकानातल्या वस्तूवर बारकोड आहे आणि सरकारकडे रसायनाची माहिती आहे, पण दोन्ही जुळत नाहीत. त्यामुळे फोनने स्कॅन करून उत्तर देणारं अ‍ॅप या डेटावर बनवताच येत नाही. संशोधकाला ट्रेंड दिसतो, पण दुकानात उभ्या असलेल्या आईला काहीच दिसत नाही.

व्हर्मांट राज्याने हे ओळखलं आणि कायदा बदलून ब्रँड, मॉडेल आणि असल्यास बारकोड क्रमांकही मागितला. ऑरेगॉनने २०१५ च्या कायद्यात दुसरी वाट धरली: तीन वर्षांखालच्या मुलांच्या किंवा तोंडात जाणाऱ्या वस्तूंबाबत ठरावीक वेळा रिपोर्ट दिल्यावर ते रसायन काढायचं, बदलायचं, नाहीतर सूट मागायची. एका राज्याने माहितीची धार वाढवली, दुसऱ्याने तिला मुदत जोडली.

आणि आपल्याकडे?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्याच्या मानकांमध्ये शिसं, कॅडमियमसारख्या जड धातूंची आणि थॅलेट्सची चाचणी येते. ही पद्धत 'पास की नापास' अशी आहे. मर्यादा पाळायलाच लागते, म्हणून या बाबतीत ती नुसत्या रिपोर्टिंगपेक्षा कडक आहे. पण आत काय आणि किती, हे ग्राहकाला कळत नाही.

तरी फोनवर एक काम आजच करता येतं. खेळण्यावर आयएसआय चिन्हाजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये 'व्हेरिफाय लायसन्स डिटेल्स' उघडा आणि तो टाका. उत्पादकाचं नाव येतं आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. नाव जुळलं नाही किंवा क्रमांकच नसेल, तर ते खेळणं परत ठेवा आणि त्याच अ‍ॅपमधून तक्रार करा.

पास-नापास आपल्याकडे आहे, रसायनांची नावं वॉशिंग्टनकडे आहेत आणि बारकोड व्हर्मांटने मागितलाय. तिन्ही एका ठिकाणी आले, तर एका स्कॅनमध्ये उत्तर मिळेल. तंत्रज्ञान त्यासाठी केव्हाच तयार आहे, फॉर्ममध्ये तो रकाना टाकणं तेवढं बाकी आहे.