गटारातला मृत्यू मोजतात, खोकला नाही

गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाला तो कळतच नाही आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. कायमच्या अपंगत्वाला किमान २० लाख. पण जो वर्षानुवर्षे थोडा थोडा वायू घेत जगला, त्याचे काय? त्याचा खोकला, चुरचुरणारे डोळे, सततची डोकेदुखी सहसा कोणी मोजत नाही. ‘दारू पितो’ म्हटले की विषय संपतो. कंत्राटी कामगाराकडे तर हजेरीचा कागदही नसतो. आजार कामातूनच झाला हे तो सिद्ध कशाने करणार? कोण, कधी, कुणाच्या सांगण्यावरून उतरला आणि नंतर काय त्रास झाला, ही वही वस्तीतल्या तरुणांनी आजपासूनच ठेवावी.