आदल्या मालकाची तार

जुनी मोटार विकत घेणाऱ्या मनुष्यास आपण एक यंत्र घेतले असे वाटत असते. वस्तुतः त्या यंत्राबरोबर आदल्या सर्व मालकांची काटकसर, त्यांची घाई आणि त्यांची हौसही त्याच्या पदरी पडलेली असते. इंजिनाची झीज कानाला कळते, पत्र्याचा गंज डोळ्यांना दिसतो, टायर किती उरले आहेत हे शेजारचा मुलगाही सांगू शकतो. परंतु डॅशबोर्डच्या मागे, जिथे हात जेमतेम शिरतो आणि दृष्टी मुळीच शिरत नाही, तिथे कोणी, केव्हा, कोणती तार कशाला जोडून ठेवली आहे याचा थांगपत्ता सौदा पुरा होईपर्यंत, आणि पुष्कळदा पहिला पाऊस पडेपर्यंत, लागत नाही.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी, म्हणजे इटलीच्या फियाट अकराशेचे आपल्याकडील रूप, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून कायमची निवृत्त झाली. खाजगी हौशी मंडळींच्या दारात मात्र ती अजून उभी आहे, आणि ज्या गाडीने कोठे डायनामोच्या जागी अल्टरनेटर, कोठे गॅसचे किट, कोठे टेपरेकॉर्डर, तर कोठे मागच्या काचेजवळचा पंखा असे नाना संसार भोगले, तिच्या तारांचे जाळे कारखान्यातून निघाले तसे राहील ही अपेक्षाच व्यर्थ होय.

माझ्या एका स्नेह्यांनी सोलापूरकडून अशीच एक पद्मिनी आणली. तक्रार साधी होती: रात्री पुढच्या दिव्यांचा उजेड पडत नाही, आणि ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद मंद पेटतो. डॅशबोर्डखाली पाठीवर निजून विजेरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा मूळच्या जुडग्यातून एक तार उपटून तिला लाल, त्या लाल तारेला पिवळी आणि पिवळीला घरगुती टेबलपंख्याची पांढरी दुपदरी तार पिळून जोडलेली आढळली. प्रत्येक सांध्यावर इन्शुलेशन टेपचे वेढे होते, आणि उन्हाळ्यांनी त्या टेपचा गोंद पाझरून सगळे जुडगे बोटांना चिकटत होते. फ्यूजच्या पेटीत एका फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून ठेवला होता.

हे सर्व एका दिवसात झालेले नव्हते, आणि ते कसे होत गेले असावे हे तारांवरूनच वाचता येत होते. मोटारीत परतीच्या प्रवाहासाठी वेगळी तार सहसा नसते. बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते आणि पत्राच त्या तारेचे काम करतो, ज्याला आपले वायरमन बॉडी अर्थ म्हणतात. ज्या स्क्रूखाली दिव्याची अर्थ पत्र्याला टेकते तिथे गंज चढला, किंवा रंगाऱ्याने हौसेने त्या जागेवरही रंग फासला, की प्रवाहाची वाट अडते. मागच्या दिव्यांत त्याचा परिणाम असा की ब्रेकच्या फिलामेंटातून आलेला प्रवाह पत्र्यात उतरू न शकल्याने त्याच घरातील शेजारच्या बल्बातून उलटा वाट काढतो, आणि ब्रेक दाबला असता इंडिकेटर उजळतो. पुढच्या दिव्यांत परिणाम अधिक फसवा असतो: दिवा पेटतो, परंतु मंद पेटतो. फिलामेंटाच्या बल्बाचा धर्म असा आहे की त्याचा व्होल्टेज १२.६ वरून १०.५ वर, म्हणजे केवळ सहाव्या हिश्शाने उतरला, तर प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. मालकाने एक स्क्रू सोडवून कानशीने पत्रा घासला असता तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण मंद दिवा पाहून मनुष्याच्या मनात पहिला विचार येतो तो मोठा बल्ब लावण्याचा.

म्हणून मूळच्या सुमारे पंचेचाळीस वॉटच्या बल्बांच्या जागी शंभर वॉटचे हॅलोजन आले. दोन दिव्यांचा मिळून साडेसात अँपिअरचा प्रवाह साडेसोळा अँपिअरच्या पुढे गेला. आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, त्याच जुन्या तारेत आणि त्याच स्टिअरिंगवरच्या नाजूक स्विचमध्ये (त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत दिव्यांचा सारा भार मध्ये रिले न ठेवता स्विचमधूनच जाई) जवळजवळ पाचपट उष्णता उत्पन्न होऊ लागली. फ्यूज उडू लागला, म्हणून चांदी आली. स्विच जळाला, म्हणून दिव्यांना बॅटरीपासून थेट तार आली, आणि तिच्यात फ्यूजच नव्हता. ती तार इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेटशिवाय ओवलेली होती आणि पत्र्याची धार तिचे कातडे रोज थोडेथोडे सोलत होती. ज्या दिवशी तांबे पत्र्याला लागेल त्या दिवशी बॅटरी त्या तारेतून शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि जवळूनच पेट्रोलची नळी गेलेली असते, हे सांगितल्यावर स्नेह्यांनी तत्काळ बॅटरीचे टर्मिनल उतरवले.

दोष शोधण्याच्या पद्धतीविषयी येथे दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही, कारण याच बाबतीत हौशी माणसे सर्वाधिक फसतात. टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला, सबब तार ठीक आहे, हा तर्क लंगडा आहे. टेस्ट लॅम्पला प्रवाह थोडा लागतो, आणि जी तार त्याचा भार सोसते ती हेडलाइटचा सोसेलच असे नाही. मल्टिमीटरही दिवा बंद ठेवून लावला तर गंजलेल्या सांध्यापलीकडे पूर्ण बारा व्होल्ट दाखवून तुमची समजूत घालतो. मोजमाप भाराखाली झाले पाहिजे: दिवे चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे दिव्याच्या अर्थवर टेकवावे, अंक शून्याच्या जवळ, फार तर एक-दोन दशांश असावा. त्या पद्मिनीत तो दीडच्या वर होता. रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल तर ऋण टर्मिनल काढून मध्ये अँमीटर घालावा आणि एकेक फ्यूज उपसून काटा कोठे पडतो ते पाहावे. अर्ध्या अँपिअरची चोरटी गळतीही दिवसाकाठी बारा अँपिअर-तास नेते, आणि पंचेचाळीस अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत लोळवते.

आणि दिसेल ती परकी तार कापून टाकण्याचा मोह आवरावा. अँबॅसिडरसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाडीत काळी तार अर्थची, तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची आणि हिरवी फ्यूजमधून आलेली, अशी परंपरा असल्याने मूळची तार स्वतःची ओळख सांगते. आदल्या मालकाने मात्र बाजारातून एकाच लाल रंगाचे भेंडोळे आणलेले असते, आणि त्यातली कोणती लाल तार बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची व कोणती इग्निशन कॉइलला जगवणारी हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. प्रथम कागदावर नकाशा काढावा, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी, आणि मगच पक्कड उचलावी.

या साऱ्या प्रकारात रस्त्याकडेच्या वायरमनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला अन्यायाचे वाटते. रात्री खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी, भर पावसात, मुलाबाळांनी भरलेली गाडी ‘डायरेक्ट मारून’ घरी धाडणारा इसम उपकारकर्ताच होय. गाडी निघताना तो बहुधा सांगतोही की, साहेब, हे तात्पुरते आहे, घरी गेल्यावर नीट करून घ्या. अपराध घडतो तो पुढे, जेव्हा मालकास असे आढळते की तात्पुरते चालते आहे, आणि चालते त्याला हात लावू नये हे तर आपल्याकडे शहाणपणाचे लक्षण समजतात. जुगाडाचे गोडवे गाणाऱ्या व्याख्यात्यांनी अशा एखाद्या डॅशबोर्डखाली अर्धा तास निजून पाहावे असे मला फार दिवस वाटत आले आहे; अडचणीतून वाट काढणाऱ्या बुद्धीचा मी चाहता आहे, परंतु ती बुद्धी काय करून गेली हे पुढच्यास कळण्याची तजवीज नसेल, तर तिचा खर्च दुसराच कोणी भरत असतो.

ही तजवीज कायद्यातही नाही. जमिनीचा व्यवहार झाला तर गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदला जातो, सातबाऱ्यावर बोजा चढतो, इतर हक्कांचा रकाना असतो, आणि घेणारा निदान दप्तर चाळून पाहू शकतो. मोटारीच्या हस्तांतरणास नमुना २९ आणि ३० भरले की मामला संपतो. नोंदणीपुस्तकात कर्जाचा बोजा दिसतो, पण आगीचा बोजा दिसत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते तेव्हा तपासणी होते खरी. त्या वेळी फ्यूजची पेटी उघडून पाहणे आणि बॅटरीपासून निघालेल्या प्रत्येक जोडतारेत फ्यूज आहे की नाही हे तपासणे यास दहा मिनिटांहून अधिक काळ लागू नये. परिवहन खात्याने एवढी बाब तपासणीत काटेकोरपणे अंतर्भूत करावी अशी माझी सूचना आहे. मोडीत काढण्याच्या धोरणाने वयाचा विचार पुष्कळ केला. जळण्याची भीती मात्र वयापेक्षा अशा बेवारस तारांपासून अधिक आहे, असे माझे मत आहे.

सरकार करील तेव्हा करील. ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे त्यांना एवढीच विनंती की, वायरमन काम करीत असता समोर उभे राहावे, कोणती तार कोठून काढली, कोठे नेली आणि मध्ये किती अँपिअरचा फ्यूज घातला हे तारखेसह एका कागदावर त्याच्याकडूनच लिहून घ्यावे, आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवावा. गाडी विकाल त्या दिवशी किल्लीबरोबर तोही घेणाऱ्याच्या हाती द्या.