वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचा मका

घरातून बाहेर पडणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. त्या एका शब्दात केवढा विश्वास आहे! दार उघडे राहील, घर आपल्याला ओळखेल, हे त्यात गृहीत धरलेले असते. पण जगात अशीही माणसे होऊन गेली, की ती 'येतो' म्हणून निघाली आणि त्यांच्या येण्यावरच सरकारांनी काट मारली. असा माणूस विद्वान असला तर नुकसान दुहेरी होते. त्याचे गाव तर जातेच, पण गावालाही त्याची विद्या मिळत नाही.

या संदर्भात पॅलेस्टिनी विचारवंतांची आठवण हटकून होते. १९३५ साली जेरुसलेममध्ये जन्मलेल्या एडवर्ड सईद यांचे आयुष्य न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात साहित्य शिकवण्यात गेले. पाश्चात्त्यांनी रंगवलेले पूर्वेचे चित्र त्यांच्या सत्तेच्या सोयीचे कसे होते, हे त्यांनी १९७८ च्या 'ओरिएंटॅलिझम' या ग्रंथात दाखवले आणि विद्याक्षेत्राला हादरा दिला. तरीही आत्मकथनाला त्यांनी 'आउट ऑफ प्लेस' हेच नाव दिले. २००३ साली त्यांचे निधन झाले तेही न्यूयॉर्कमध्येच. त्यांचे ज्येष्ठ स्नेही इब्राहिम अबू-लुघोद १९४८ साली जाफा सोडून निघाले, अमेरिकेत प्राध्यापक झाले आणि १९९२ साली परतून बिर झैत विद्यापीठात शिकवू लागले. २००१ साली ते वारले, तेव्हा जाफाची माती त्यांना लाभली; पण ती मृत्यूनंतर. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात तर गाझातील विद्यापीठांच्या इमारतीच जमीनदोस्त झाल्या. परत येणाऱ्याने शिकवायचे तरी कुठे?

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे, असे वाटेल. तसे ते नाही. आमच्या नागपूरशेजारच्या वर्ध्यात १८८४ साली पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म झाला. पुढचे शिक्षण नागपुरात. लोकमान्यांच्या विचारांनी भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात देशाबाहेर पडला आणि जपानमार्गे अमेरिकेत पोचला. तिथे त्याने दोन विद्या एकाच वेळी हाती धरल्या. एक बंदुकीची, दुसरी नांगराची. कॅलिफोर्नियातील लष्करी अकादमीत युद्धशास्त्र आणि ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात शेतीशास्त्र! १९१३ साली स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या आरंभीच्या मंडळींत लाला हरदयाळ आणि सोहनसिंग भकना यांच्या बरोबरीने खानखोजे होते. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या बाजूने इंग्रजांशी लढले. पुढे बर्लिन झाले, मॉस्को झाले. मायदेशाची वाट मात्र बंदच राहिली.

१९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती; जमीन कसणाऱ्याची, ही घोषणा अजून ताजी होती. पण केवळ जमीन मिळाल्याने पीक येत नाही, हे खानखोज्यांनी ओळखले. मक्यावर त्यांनी अपार मेहनत घेतली. गहू आणि डाळींवर संशोधन केले. थंडी आणि अवर्षण सोसणारी वाणे शोधली. एवढ्यावर न थांबता त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. विद्यालयाची पायरी चढू न शकणाऱ्याकडे विद्यालयानेच चालत जावे, ही त्यामागची दृष्टी होती.

दिएगो रिव्हेरा हा थोर चित्रकार या कामात त्यांचा सोबती होता. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने काढलेल्या 'आमची भाकरी' या चित्रात भाकरी वाटून देणारा जो पुरुष आहे, तो खानखोजे म्हणूनच ओळखला जातो. त्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली टीना मोदोत्ती या इटालियन कलावतीने. आणि दैवगती अशी, की १९३० साली तिलाही मेक्सिकोतून हद्दपार व्हावे लागले.

देश स्वतंत्र झाला, तेव्हा खानखोजे साठी ओलांडून गेले होते. ज्यासाठी घर सोडले ते मिळाले, आता निघावे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. पण इंग्रज गेले तरी त्यांच्या काळ्या याद्या कपाटात होत्याच. या याद्यांतल्या नावाने खानखोज्यांच्या परतीत अडथळे आणले. ज्याच्यावर इंग्रजांनी शिक्का मारला, त्याला स्वतंत्र भारताच्या दारातही तोच शिक्का दाखवावा लागला! कागद हे असे चिवट असतात. राज्य बदलते, शेरा बदलत नाही. १९४९ साली ते काही महिन्यांसाठी येऊन गेले. १९५५ साली कायमचे आले आणि नागपूरला राहिले. जानेवारी १९६७ मध्ये तिथेच त्यांचे देहावसान झाले.

आता एक योगायोग पाहा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ साली, भारताने मेक्सिकोहून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. ते बियाणे नॉर्मन बोरलॉग यांच्या संशोधनातले होते, खानखोज्यांचे नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बोरलॉग मेक्सिकोत गेले तेच १९४४ साली. पण मेक्सिकोच्या शेतीत वीस-पंचवीस वर्षे मुरलेला एक म्हातारा नागपुरात बसलेला असताना मेक्सिकोचा गहू जहाजांनी या देशात उतरत होता, हे चित्र मनाला चटका लावते. परदेशातून बी मागवणे आपल्याला जमले. परदेशातून आलेल्या आपल्याच माणसाच्या अनुभवाचे बी पेरणे मात्र तितकेसे जमले नाही.

वीणा गवाणकरांचा 'एक होता कार्व्हर' मराठी घरोघरी वाचला गेला. भुईमुगाच्या त्या जादूगाराला आपण आपलाच मानले, हे चांगलेच झाले. त्याच लेखिकेने खानखोज्यांचे 'नाही चिरा' हे चरित्रही लिहिले आहे. पण कार्व्हरची गोष्ट सांगणाऱ्या किती मुलांना वर्ध्याच्या या कार्व्हरचे नाव ठाऊक आहे? शाळेत सांगितले तर ते गदर पक्षापुरते. पिस्तूल आपल्या लक्षात राहते, कणीस राहत नाही.

पीककर्जाच्या फायली हातावेगळ्या करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सातबारा, आठ-अ, थकबाकी नसल्याचा दाखला, जामीनदाराची सही, सगळ्याला त्या अर्जात रकाना असे. या माणसाला शेतीतले नवे कोणी शिकवले आहे काय, असा रकाना मात्र कधी पाहिला नाही. आमच्या कुही तालुक्यात मिरचीचे पीक पिढ्यान्‌पिढ्यांचे. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात इथली गावे गेली, माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत आली. मोबदल्याचा हिशेब झाला. तो पुरेसा की अपुरा, हा वाद वेगळा. पण वैनगंगेकाठच्या काळ्या मातीची जी जाण त्या शेतकऱ्यांच्या हातात होती, तिचा मोबदला कुठल्या तक्त्यात बसवणार? आपल्याच तालुक्यात राहूनही माणूस आपल्या विद्येला पारखा होतो, तो असा.

म्हणून खानखोज्यांचे स्मरण नुसते पुतळ्याने भागणार नाही. २०२२ साली मेक्सिकोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले. त्याचा आनंदच आहे. पण विदर्भाने त्यांचे ऋण फेडायचे, तर दोन गोष्टी कराव्यात. त्यांचे स्पॅनिशमधले शेतीविषयक लेखन मराठीत आणावे. आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली एखादी खोली मुक्त कृषिशाळेसाठी उघडावी. फी नको, परीक्षा नको. शिकवणाऱ्यांत कृषी पदवीधर जसे असावेत, तशी मिरचीची नर्सरी पिढ्यान्‌पिढ्या राखणारी एखादी आजीही असावी.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. एक खोली, एक फळा आणि मूठभर बियाणे एवढे पुरे. हद्दपारीत असलेल्या एका वैदर्भीय माणसाने परक्या मुलखात, परक्या भाषेत हे करून दाखवले. आपल्याला तर ते आपल्या घरी, आपल्या बोलीत करायचे आहे.