‘औषध नाही हो, नुसता काढा!’

कसारा लोकलने आसनगावला उतरायचं आणि माहुली गाठायचा, नाहीतर पावसाळ्यात मुरबाडमार्गे थेट माळशेज... आपल्यापैकी अनेकांचे वीकेंड असेच जातात. त्या रानात झाडांना लपेटून वर गेलेली, हृदयाच्या आकाराच्या पानांची एक वेल दिसते. तीच आपली गुळवेल. बाजारात तिचं नाव ‘गिलॉय’.

२०२० मध्ये कोरोना आला आणि या वेलीला सोन्याचे दिवस आले. शहापूरच्या कातकरी तरुणांनी ती रानातून गोळा केली आणि वनधन योजनेच्या मदतीने मोठमोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांच्या तब्बल १ कोटी ५७ लाखांच्या ऑर्डर्स मिळवल्या. ज्या समाजाची आयुष्यं वीटभट्ट्यांवर जातात, तिथल्या पोरांचा हा बिझनेस मला आजही जाम भारी वाटतो.

तिकडे शहरात आपण ‘इम्युनिटी’च्या नावाखाली काढ्यावर काढे रिचवत होतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट पाहिले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. त्यातली एक महिला दगावली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: पेशंटनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, हे तपासलंच नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेलही असू शकते! २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी असेच ४३ पेशंट नोंदवले. त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये, शरीर स्वतःच्याच लिव्हरवर हल्ला करतं तो ‘ऑटोइम्यून’ आजार दिसला. मंत्रालयाने तेही मान्य केलं नाही.

शहापूर-मुरबाडच्या वेलीवर ठपका ठेवायचा म्हणून मी हे सांगत नाहीये. मला इंटरेस्ट आहे तो डॉक्टरांनी हे शोधलं कसं, यात.

कारण औषधाने लिव्हर बिघडलं, असं छातीठोक सांगणारी एकही ब्लड टेस्ट नाही! एलएफटी फक्त एवढंच सांगते की लिव्हर दुखावलंय. मग एकेक संशयित बाद करायचा. हेपटायटिस ए, बी, सी, ई? दारू? पित्ताचे खडे? ऑटोइम्यून आजार? त्यानंतर उरतो तो तारखांचा हिशोब. औषध कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला, बंद केल्यावर आकडे उतरले का? १९९३ पासून वापरात असलेली ‘रुकॅम’ नावाची पद्धत यालाच मार्क देते.

आणि या तारखा कुणाकडे असतात? आपल्याकडेच. पण डॉक्टरांनी “काय औषधं घेता?” विचारलं की आपण म्हणतो, “काहीच नाही.” कारण काढा म्हणजे घरचा. वजन कमी करायची ‘हर्बल’ कॅप्सूल म्हणजे नॅचरल. जिमची पावडर म्हणजे फूड. वर कावीळ झाली की कुणीतरी दिलेला झाडपाला सुरू करायचा आणि सगळा हिशोब आणखी विस्कटायचा!

औषधांमुळे लिव्हर बिघडलेल्या १,२८८ भारतीय पेशंटच्या एका अभ्यासात जवळपास निम्म्यांच्या बाबतीत कारण होतं टीबीची औषधं. सुमारे १४ टक्क्यांच्या बाबतीत आयुर्वेदिक आणि इतर पर्यायी औषधं. म्हणून टीबीच्या गोळ्या मनानेच बंद करू नका हं! भूक मेली, मळमळायला लागलं, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काय थांबवायचं ते त्यांना ठरवू दे.

तर या आठवड्याचा होमवर्क सोप्पा आहे. मोबाइलमध्ये एक लिस्ट करा: पोटात काय जातं आणि कुठल्या तारखेपासून. स्ट्रिप, बाटली, पुडी, सगळ्यांचे फोटो काढा. आईने दिलेल्या चूर्णाचासुद्धा. माहुलीच्या फोटोंनी फोन भरलेलाच आहे, त्यात आणखी चार!