व्ही. पी. ने आलेले आरोग्य

इ. स. १८७७ साली हिंदुस्थानच्या टपालखात्याने ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ (व्ही. पी.) ही पद्धत सुरू केली, म्हणजे पोस्टमनने पार्सल आणावे, घेणाऱ्याने दाम मोजून ते सोडवावे, आणि ते दाम खात्यानेच विकणाऱ्यास पोचते करावे, अशी व्यवस्था लावून दिली. तेव्हा दूरच्या गिऱ्हाइकाकडून वसुली सुलभ व्हावी यापलीकडे फारसा हेतू तिच्या कर्त्यांच्या मनात असेल असे मला वाटत नाही. परंतु दोनच वर्षांनी एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले, १८८० पासून मनिऑर्डरीचे काम सरकारी खजिन्यांकडून टपालकचेऱ्यांकडे आले, आणि या तीन सोयी एकत्र होताच, ज्या माणसाने मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती त्यालाही गिरगावातले बालामृत, जामनगरच्या गोळ्या किंवा कलकत्त्याचे केशतेल आपल्या ओटीवर बसून मागविता येऊ लागले.

आमच्या खालापूर-कर्जतच्या मुलखात या सोयीचे मोल काय होते, हे त्या काळची स्थिती ध्यानात घेतल्यावाचून कळणार नाही. लोहमार्ग १८५६ सालीच खोपोलीपर्यंत आला होता, आणि बोरघाट चढून तो अखंड पुण्यास जाऊ लागला १८६३ साली. आगगाडी अशी दारावरून जात होती खरी, पण वैद्यकाची पदवी घेतलेला माणूस या बाजूला उतरून राहावा असे येथे काही नव्हते. पाऊस ओसरला की खाचरांत आणि ओहोळांच्या डबक्यांत पाणी राही आणि हिवताप घरोघर मुक्कामाला येई. गावचा वैद्य होता. ठाकूर-कातकऱ्यांना कुड्याच्या सालीचा, काडेचिराइताचा, मुरुडशेंगेचा उपयोग पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता, आणि त्या ज्ञानाला मी मुळीच कमी लेखीत नाही. तथापि वाढत्या तापात तडफडणारे मूल मांडीवर असता, छापील अक्षरांत ‘हमखास गुण’ असे वाचलेल्या आईबापांनी मनातल्या मनात आणे मोजले असतील, तर त्यांना अडाणी म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

छापील अक्षराचा त्या काळचा दरारा निराळाच होता. पुण्याहून येणारा केसरीचा अंक गावात एक येई आणि दहांच्या हातांतून फिरे. अग्रलेख वाचून झाला की दृष्टी शेवटच्या पानांकडे वळे. तेथे के. टी. डोंगरे आणि कंपनीचे बालामृत असे, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या असत, नागेश्वरराव पंतुलूंनी १८९३ साली मुंबईत काढलेले अमृतांजन असे, आणि पुढे १९०१ साली लाहोरास निघालेली अमृतधाराही आली. ‘ट. ख. (टपालखर्च) निराळा’, ‘एजंट पाहिजेत’, ‘नकली मालापासून सावध रहा’ ही वाक्ये मराठी वाचकाच्या अंगवळणी पडली ती याच स्तंभांतून. ज्या संपादकाच्या शब्दावर आपण राजकारणात विसंबतो त्याच्याच पत्रात ही औषधे छापली आहेत, तेव्हा त्यांनाही त्याचीच जामीनकी असणार, असे साध्या वाचकाने मानले. आणि माझ्या मते या सगळ्या व्यापाराचे मूळ भांडवल औषधात नव्हते, ते या उसन्या इतबारात होते.

येथे एक भेद स्पष्ट केलाच पाहिजे, नाहीतर आपल्याच शेजारच्या गावावर अन्याय होईल. घाटाखालच्या याच पट्ट्यात, पनवेलीस, कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. च्यवनप्राश घ्या, द्राक्षासव घ्या. असल्या शास्त्रोक्त कल्पांचा पाठ ग्रंथांत उघड लिहिलेला असतो, तो कोणीही जाणता वैद्य पडताळून पाहू शकतो, आणि कारखानदाराची परीक्षा कृतीच्या शुद्धतेवर होते. याउलट ज्या गोळीत काय आहे हे ती घेणाऱ्यालाही सांगायचे नाही आणि वैद्यालाही नाही, तिचा पाठ एकच, तो म्हणजे जाहिरात. असल्या मालाचे माहेर केवळ हिंदुस्थानच होते असेही नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली गुप्त औषधांचे रासायनिक पृथक्करण करून ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा जगभर खपणाऱ्या आणि डबी गिनीच्या मोलाची म्हणून गाजविलेल्या बीचमच्या गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच निघाले; एक शिलिंग दीड पेनीला विकल्या जाणाऱ्या छप्पन्न गोळ्यांच्या द्रव्यांची किंमत अर्ध्या फार्दिंगच्या आसपास भरली.

घरगुती वस्तूंची गोष्ट मात्र वेगळी आहे. घड्याळे, कंदील, सुऱ्या-कात्र्या, पेट्या, साबण हे सारे याच मार्गाने खेड्यात येत होते, आणि स्वदेशीच्या चळवळीनंतर त्यात देशी माल वाढला. घाट चढून पुढे गेल्यावर लागणाऱ्या तळेगावास १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला, आणि १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडाजवळ ओगलेवाडीचा उद्योग मांडला, ज्याच्या प्रभाकर कंदिलाने पुढे महाराष्ट्रातली किती ओटीपडवी उजळली हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. कंदील खोटा निघाला तर पहिल्याच रात्री कळते. काच तडकते, वात धूर ओकते, आणि विकणाऱ्याचे नाव गावात बुडते. औषधाचे तसे नाही. एकांतरा असो की तिजारी, हिवताप आपल्या पाळीने चढतो आणि आपल्या पाळीने उतरतो. ज्या दिवशी बाटली फोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो उतरला, तर यश बाटलीचे ठरते, आणि तो पुन्हा चढला तर दोष पथ्य मोडल्याचा ठरतो.

आणि एक कारण होते, जे उघड बोलले जात नसे. धातुदौर्बल्य, गुप्तरोग, वंध्यत्व, पाळीच्या तक्रारी, अंगावर जाणे यांविषयी गावच्या वैद्यापुढे तोंड उघडावे तर तो नात्यातला नाहीतर भाऊबंदकीतला, आणि त्याच्या ओसरीवर चार माणसे बसलेली. दूरच्या कंपनीला मात्र कार्डाऐवजी बंद पाकिटात सारे लिहिता येई. उत्तरी मोफत पुस्तिका येई, पाठोपाठ व्ही. पी. येई, आणि ज्या व्यथेला घरात शब्द नव्हता तिला छापील नाव लाभे. परंतु तीच व्ही. पी. पोस्टमन नाव पुकारून दारात उभी करी आणि पैसे मोजेपर्यंत हातात देत नसे, त्यामुळे कंपनीशी राखलेले गुपित शेजाऱ्याशी राहतच असे असे नाही. या पत्रव्यवहारात स्त्रियांची स्थिती सर्वांत कठीण, कारण लिहिण्यास दुसऱ्याचा हात आणि दाम देण्यास दुसऱ्याची गाठ लागणार. त्या काळच्या जाहिराती चाळताना मला हसू येत नाही ते यामुळे. त्यांतल्या प्रत्येक अतिशयोक्तीच्या पलीकडे कोणीतरी एकाकी माणूस दिसतो.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. १८९८ च्या टपाल कायद्यातच, खरी मागणी आल्यामुळेच वस्तू पाठवीत आहे असे पाठविणाऱ्याने लिहून दिल्याखेरीज व्ही. पी. घेऊ नये, आणि लबाडी उघडकीस आली तर वसूल झालेली रक्कम रोखून ती घेणाऱ्यास परत करावी, असे नियम करण्याची तरतूद होती. तरतूद चांगली, पण अर्ज कोणी करावा? गुप्तरोगाची गोळी फसवी निघाली म्हणून कचेरीत फिर्याद रुजू करणारा माणूस कोणत्या गावात मिळाला असता?

त्याच टपालखात्याच्या हातून दुसरेही एक औषध विकले जात होते, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. बंगालमध्ये १८९२ पासून, आणि पुढे इतर प्रांतांतही, टपालकचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्या पैशाला एक अशा विकल्या गेल्या. आत काय आहे ते नावातच होते. कडू, खरे, स्वस्त, आणि हिवतापावर निश्चित गुणकारी. पण त्या पुडीला जाहिरात नव्हती, प्रशस्तिपत्रे नव्हती, तिच्याबरोबर कोणाचे पत्र येत नव्हते, ‘तुम्ही खचू नका’ असे तिने कोणाला म्हटले नाही. सत्य औषध देणाऱ्या सरकारने रोग्याशी बोलण्याचे काम गुप्त औषधवाल्यांवर सोपविले, ही मला त्या राज्यव्यवस्थेची मोठी चूक वाटते, आणि ती आपण पूर्णपणे सुधारली आहे असेही मला म्हणवत नाही.

कायदे सावकाश आले. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली औषध चौकशी समिती बसली, तिच्या अहवालानंतर जवळजवळ दशकाने १९४० चा औषध कायदा झाला, आणि स्वराज्यात १९५४ साली जादूई उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा आला. त्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले असता सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या डिसेंबरात काही शब्द आणि एक कलम रद्द ठरविले, पण असल्या व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे कवच मिळत नाही, हे मूळ सूत्र मान्य केले. त्या कायद्याचा रोख केवळ विकणाऱ्यावर नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्यात जो कोणी भाग घेतो तोही त्याच्या कक्षेत येतो. म्हणजे मुद्रकही आला, प्रकाशकही आला.

आज खोपोलीच्या गल्ल्यांतून आणि चौकच्या पुढच्या वाड्यांपर्यंत मोटारसायकलीवरून पार्सले जातात, आणि माल हाती आल्यावर पैसे मोजण्याची जी सवय आपल्याला आहे ती जुन्या व्ही. पी. चीच आहे. मधुमेह मुळापासून घालविणारी पावडर, उंची वाढविणारे चूर्ण, सांधे नवे करणारे तेल हे त्याच पिशवीतून येते आणि त्यांच्या जाहिराती भ्रमणध्वनीवर, केबलवर, कधी कधी छापील पानावरही दिसतात. मधुमेह बरा करण्याचा दावा हा १९५४ च्या कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध ठरविलेल्या दाव्यांपैकी आहे. माझी वाचकांस विनंती अशी की, तशी जाहिरात या वृत्तपत्रात आढळली तरी संकोच न करता तिचे कात्रण, तारीख आणि पान नोंदवून, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रारीसह पाठवावे आणि पोच मागून घ्यावी. तिची एक प्रत संपादकांच्या नावेही पाठवावी.